अंगणांत गेलेली शाळा

पुणें जिल्ह्यांतील जुन्नर तालुक्यांत, नारायणगांवापासून थोड्या अंतरावर, खोडद नांवाचें गांव आहे. आकाशांतून येणारे रेडिओ-तरंग टिपणारी प्रचंड दुर्बीण तेथें उभी राहिल्यापासून या गांवाचें नांव जगांतील ज्योतिर्विदांच्या तोंडीं झालें आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची ती दुर्बीण पाहण्यास लांबलांबचे लोक येतात. आजच्या विषयासाठीं मात्र आपणांस त्या तबकड्यांच्या भोंवतालच्या शेतांकडे पाहावयाचें आहे.

जुन्नर-आंबेगांवच्या बागायती पट्ट्यांत पुष्कळ कुटुंबें गांवठाणांत न राहतां आपापल्या मळ्यांत वस्ती करून राहतात. ऊसतोडणीच्या हंगामांत परगांवचीं कुटुंबें कोप्या घालून उतरतात, आणि तोडणी संपली कीं बिऱ्हाड उचलून निघून जातात. अशा ठिकाणीं अंगणवाडींत बालकांचें वजन करण्याची वेळ आणि आईच्या खुरपणीची वेळ एकच असते. मूल थोरल्या बहिणीच्या कडेवर बसून येतें किंवा येतच नाहीं. आई तर क्वचितच येते. मग वहींत शेरा पडतो: “पालक आले नाहींत.” हा शेरा लिहिण्यास फार सोपा आहे, परंतु त्याचा अर्थ लावणें फार कठीण आहे. न येणारे आईबाप हे बेपर्वा असतात काय, कीं त्यांना येणें अशक्य असतें? आणि येणें अशक्य असेल, तर जावयाचें कोणी? या प्रश्नाला आपल्या महाराष्ट्रांत एकदां फार सुंदर उत्तर मिळालें होतें. तें उत्तर “अंगणवाडी” या शब्दांतच सांठविलेलें आहे. शब्द आपण रोज उच्चारतों, पण त्यांतील उत्तर बव्हंशीं विसरलों आहों. त्या उत्तराचा इतिहास आज सांगावयाचा आहे.

प्रथम थोडें मागें जाऊं. लहान मुलाच्या आरोग्यासाठीं सरकार घराच्या दाराशीं आलें, याचा आपल्याकडील पहिला मोठा प्रसंग म्हणजे देवी काढण्याचा. १४ जून १८०२ रोजीं मुंबईंत ॲना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीस गोस्तनदेवीची लस टोंचली गेली आणि ती यशस्वी झाली. हिंदुस्थानांतील ही पहिली यशस्वी लस. तिच्या हातावरील फोडांतून घेतलेला द्रव दुसऱ्या मुलांच्या हातीं, त्यांच्याकडून तिसऱ्यांच्या, असा तो हातोहात दूरदूरच्या शहरांत गेला. त्या शतकांत बराच काळ हीच पद्धत चालू होती. ज्या मुलाची देवी चांगली उठली, त्याला आठवड्यानें पुन्हां हजर करावयाचें आणि त्याच्या दंडावरचा फोड फोडून दुसऱ्या मुलांना टोंचावयाचें. आईच्या दृष्टीनें पाहिलें तर हा काय प्रकार होता? धडधाकट मुलाला ताप आणावयाचा. तें बरें होत आहे तोंच त्याची खपली उकरावयाची. आणि परक्या जातीच्या, परक्या घरच्या मुलाचें रक्त आपल्या मुलांत मिसळूं द्यावयाचें! शिवाय देवी हा रोग नव्हे, ती प्रत्यक्ष आई, ही श्रद्धा होतीच. तेव्हां टोंचणारा गांवांत आला कीं बाया मुलांना लपवीत, यांत नवल तें काय?

सरकारनें याला उत्तर म्हणून कायदा काढला. १८७७ च्या कायद्यानें मुंबई शहरांत बालकांस देवी काढणें सक्तीचें झालें. कायद्याचा उपयोग झाला नाहीं असें नाहीं. पण दार उघडलें तें दंडाच्या भीतीनें, विश्वासानें नव्हे. या देशांतून देवीचा समूळ उच्छेद झाला तो पुढें १९७५ सालीं, आणि तोहि घरोघर जाऊन रोग्यांचा शोध करण्याची पद्धत सुरू झाल्यानंतर. त्या शेवटच्या मोहिमेंतहि कांहीं ठिकाणीं जबरदस्ती झालीच. एवढ्या दीर्घ इतिहासावरून एक गोष्ट ध्यानांत येते. टोंचणारा मुलाच्या दंडापर्यंत पोंचला, परंतु आईपर्यंत पोंचला नाहीं. लस एकदां टोंचून भागतें. न्हाऊं घालणें, नखें कापणें, उकळलेलें पाणी पाजणें, अंगावरच्या दुधाबरोबर योग्य वेळीं मऊ भात सुरू करणें, या गोष्टी मात्र रोज कराव्या लागतात, आणि त्या आईच्या हातूनच व्हाव्या लागतात. तेथें कायद्याचा हात पोंचत नाहीं.

हें काम प्रथम ओळखलें तें लहान मुलांच्या शाळांनीं. ६ जानेवारी १९०७ रोजीं रोम शहरांतील सान लोरेन्झो या गरीब वस्तींत डॉ. मारिया माँटेसरी यांनीं आपलें पहिलें बालगृह उघडलें. त्याची विशेष गोष्ट अशी कीं, तें भाडेकरूंच्या चाळींतच होतें. शाळा जणूं घराच्या पोटांत वसविली होती. बाईंनीं त्याच इमारतींत राहावें, अशी योजना होती. भिंतीवर लावलेल्या नियमांत असें होतें कीं, आईनें मुलाला स्वच्छ करून पाठवावें, आणि आठवड्यांतून निदान एकदां बाईंना भेटून मुलाची घरची हकीकत सांगावी. मूल न धुतां, मळक्या कपड्यांत पाठविलें तर त्याला काढून टाकण्याचीहि तरतूद होती. नियम कडक होते; परंतु आईशीं बोलल्याशिवाय मुलाचें शिक्षण होत नाहीं, हें त्यांत स्पष्टपणें मान्य केलेलें होतें.

त्याच सुमारास लंडनमध्यें रेचेल आणि मार्गारेट मॅकमिलन या दोघी बहिणी एका निराळ्या वाटेनें याच ठिकाणीं आल्या. १९१० सालीं त्यांनीं डेप्टफर्ड या दरिद्री भागांत शाळकरी मुलांसाठीं दवाखाना चालविला. मुलें बरीं होत आणि तोच रोग घेऊन पुन्हां येत. कारण औषध दवाखान्यांत आणि रोग घरांत, अशी वांटणी होती! तेव्हां १९१४ सालीं त्यांनीं उघड्या हवेंतील शिशुशाळा काढली. मुलें शाळेंत येण्याच्या वयाची होण्यापूर्वींच त्यांना स्नान, झोंप, अन्न व मोकळी हवा मिळावी, हा तिचा हेतु होता.

आतां आपण आपल्या प्रांतांत येऊं. ताराबाई मोडक यांचें नांव आपणांस परिचित आहे. १८९२ सालीं मुंबईंत जन्मलेल्या या पदवीधर बाई भावनगरास गिजुभाई बधेका यांच्या दक्षिणामूर्ति बालमंदिरांत काम करूं लागल्या. १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि १९३६ सालीं दादरला शिशुविहार सुरू झाला. दादरच्या शाळेंत पालकांना बोलावण्याची अडचण नव्हती. तेथील आईबाप शिकलेले होते. ते स्वतः होऊन येत, प्रश्न विचारीत, मासिकें वाचीत. बालशिक्षणाची नवी दृष्टि ज्या घरांत गेली, त्या घरांत ती सहज रुजली. पण ताराबाईंना प्रश्न पडला कीं, हें शिक्षण केवळ पैसेवाल्यांच्या मुलांसाठींच राहावयाचें काय? मूल्यवान लांकडी साहित्य, झुळझुळीत पडदे आणि इस्त्री केलेले कपडे यांशिवाय तें होऊंच शकत नाहीं काय? या प्रश्नाचें उत्तर शोधण्यासाठीं १९४५ च्या अखेरीस, वयाच्या चौपन्नाव्या वर्षीं, त्या त्या काळच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी या समुद्रकांठच्या गांवीं गेल्या. ग्राम बालशिक्षा केंद्र तेथें निघालें. त्यांच्या बरोबर आल्या अनुताई वाघ. पुणें जिल्ह्यांतील मोरगांवच्या, १९१० सालीं जन्मलेल्या, बालपणींच वैधव्य आलेल्या आणि शिक्षिका झालेल्या या बाईंनीं पुढें आपलें सारें आयुष्य त्या भागाला दिलें.

तो काळ कसा होता, हें येथें ध्यानांत घेतलें पाहिजे. बोर्डीच्या मागें डहाणू-उंबरगांवचें जंगल, आणि त्यांत वारली आदिवासींचे पाडे. जमीनदाराच्या शेतावर वेठीनें राबणें हा त्यांचा नित्यक्रम होता. लग्नासाठीं काढलेल्या चार रुपयांच्या कर्जापायीं नवराबायको दोघेंहि धन्याच्या घरीं बांधील गडी होऊन राहत. त्याच १९४५ सालीं मे महिन्यांत झरी येथें वारल्यांची परिषद भरली, वेठ नाकारण्याचा निर्धार झाला, आणि ऑक्टोबरांत तलवाडा येथें जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला. गोदावरी परुळेकर यांनीं त्या लढ्याची हकीकत पुढें लिहून ठेवली आहे. ज्या आईचा दिवस तिच्या स्वतःच्या मालकीचा नाहीं, तिला “उद्यां मुलाला घेऊन शाळेंत या” असें सांगण्याला काय अर्थ आहे? गांवांतल्या अस्पृश्य मानल्या गेलेल्या वस्तीची अडचण आणखी निराळी होती. तेथील आईबापांना गांवच्या मध्यभागीं असलेल्या बालमंदिराचा उंबरठा ओलांडण्याचाच संकोच होता. तो संकोच त्यांना पिढ्यान् पिढ्या शिकविलेला होता.

मुलें बोलावूनहि येईनात, तेव्हां ताराबाईंनीं जें केलें तें दिसण्यांत अगदीं साधें आहे. शाळेनेंच उठून त्यांच्या अंगणांत जावयाचें! गाणीं, गोष्टी, खेळ घेऊन शिक्षिका वस्तींत जात आणि एखाद्या घरासमोरच्या अंगणांत बसत. चार मुलें जमत, मग दहा. साहित्य म्हणजे बिया, शिंपले, पानें, बांबूच्या कांड्या, मातीचीं भांडीं. जें अंगणांत व रानांत सांपडेल तें. परंतु माझ्या मतें या अंगणवाडीचें खरें मर्म गाण्यांत किंवा शिंपल्यांत नव्हतें. तें होतें स्वच्छतेच्या कामांत. अक्षरांच्या आधीं मुलांचीं नखें, केंस, डोळे आणि अंघोळ यांकडे लक्ष द्यावयाचें, हा या ग्रामीण बालवाडीचा पहिला धडा होता. आणि तो अंगणांत चाले, म्हणजे आईच्या, आजीच्या, शेजारणीच्या डोळ्यांदेखत चाले.

याचा परिणाम काय होतो, तो पाहा. दवाखान्यांत डॉक्टर सांगतात कीं, मुलाला रोज अंघोळ घाला. हें ऐकतांना आईला मनांत वाटतें, म्हणजे मी आजवर घाण ठेवीत होतें तर! तिला लाज वाटते, आणि लाज वाटली कीं माणूस पुन्हां त्या दारीं जात नाहीं. अंगणांत मात्र शिकलेली, पांढरपेशी बाई स्वतःच्या हातानें त्या मुलाचें डोकें विंचरते, त्याच्या खरजेला औषध लावते. ज्या मुलाला गांवानें शिवूं नये असा नियम, त्याच्या अंगाला ती हात लावते! आजी उंबरठ्यांत बसून हें पाहते. दुसऱ्या दिवशीं ती पाणी तापवून ठेवते. तिसऱ्या दिवशीं ती विचारते कीं, याच्या डोळ्यांतून सारखें पाणी येतें, याला काय करावें? आरोग्याचा प्रश्न आईबापांनीं स्वतः विचारला, कीं अर्धें काम झालें. उपदेशाला ज्या घराचें दार बंद असतें, तेथें कामाला तें उघडें असतें. शिवाय अंगणांत घराची मालकीण ती आई असते, आणि शिक्षिका ही पाहुणी असते. शाळेंत गेल्यावर हें नातें उलटें होतें. पाहुण्यापुढें माणूस संकोचत नाहीं; परीक्षकापुढें संकोचतो.

पुढें थोड्या वर्षांनीं हें काम डहाणू तालुक्यांतील कोसबाडच्या टेकडीवर, खुद्द वारली पाड्यांच्या मध्यें गेलें. तेथें आणखी एक गोष्ट उमगली. मुलें शाळेंत येत नाहींत, कारण त्यांच्यावांचून घर चालत नाहीं. मुलगा गुरें राखतो आणि मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळते. तेव्हां गुराख्यांसाठीं कुरणांतच शाळा निघाली. तिला कुरणशाळा म्हणूं लागले. आणि मुलींसाठीं पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा हीं तिन्हीं एकाच जागीं आणून विकासवाडी उभी राहिली. थोरली बहीण वर्गांत बसली तर धाकटें भावंड शेजारीं पाळण्यांत, आणि मधलें बालवाडींत. पाळण्यांतलें मूल रोज डोळ्यांसमोर असल्यानें त्याचा ताप, त्याचें जुलाब, त्याचें खंगणें हें सर्व वेळींच कळूं लागलें. म्हणजे आईबापांकडे ज्या एका गोष्टीची उणीव होती, त्या वेळेचीच तरतूद शाळेनें केली. अडचण काय आहे हें आधीं पाहावयाचें, उपदेश नंतर करावयाचा, हा क्रम कोसबाडला कधीं सुटला नाहीं.

ताराबाई १९७३ सालीं वारल्या. त्यानंतर दोन वर्षांनीं, २ ऑक्टोबर १९७५ रोजीं, केंद्र सरकारनें एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली. महाराष्ट्रांत तिचा आरंभ मेळघाटांतील धारणी आणि मुंबईंतील धारावी येथें झाला. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, आजारी बालकाला मोठ्या दवाखान्यांत पाठविणें, शाळापूर्व शिक्षण आणि स्त्रियांना आहार व आरोग्याचें शिक्षण, अशा सहा सेवा एका छत्राखालीं आल्या. त्या छत्राला नांव मिळालें “अंगणवाडी”. तो शब्द काश्मीरपासून केरळपर्यंत गेला. एवढ्या विस्तारानें अन्न व लस लक्षावधि बालकांपर्यंत पोंचली, हें ऋण नाकारणें अन्यायाचें होईल.

परंतु या विस्तारांत एक पालट हळूच झाला. अंगणवाडी ही अंगणांत जाणारी शाळा होती. ती आतां एक खोली झाली, आणि आईनें तेथें यावें अशी अपेक्षा सुरू झाली. वजनाचें उदाहरण घेऊं. डॉ. डेव्हिड मॉर्ले या इंग्रज वैद्यानें नायजेरियांतील खेड्यांत काम करतांना बालकाच्या वाढीचा एक आलेख तयार केला. दर महिन्याच्या वजनाचा ठिपका द्यावयाचा. रेघ वर चढते कीं आडवी पडते, हें निरक्षर आईलाहि दिसावें, ही त्यांतील युक्ति होती. म्हणून तें पत्रक आईनें आपल्या घरीं जपून ठेवावयाचें असे. आपल्याकडे तो आलेख आला, पण बहुधा सेविकेच्या वहींतच राहिला. रेघ आडवी पडली हें पर्यवेक्षिकेला कळलें, तालुक्याला कळलें, आणि जिच्या मांडीवर तें मूल होतें तिला मात्र कळलें नाहीं! अलीकडे माता-बाल संरक्षण कार्ड आईच्या हातीं दिलें जातें, ही चांगली गोष्ट आहे. पण कार्ड देणें आणि तें तिच्याजवळ बसून वाचून दाखविणें, यांत अंतर आहे.

या अंतराची किंमत किती भारी असते, हें आपण पाहिलें आहे. १९९२–९३ मध्यें ठाणें जिल्ह्याच्याच जव्हार तालुक्यांतील वावर-वांगणी भागांत कुपोषणानें शंभराहून अधिक बालकें दगावलीं. १९९३ सालीं मेळघाटांतील बालमृत्यूंचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. एक जिल्हा अंगणवाडीचें जन्मस्थान, आणि मेळघाट म्हणजे सरकारी योजनेच्या पहिल्या प्रकल्पांपैकीं एकाची भूमि. अनुताई वाघ त्याच १९९२ सालीं निवर्तल्या.

येथें एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. कोणी म्हणेल कीं, हीं बालकें भुकेनें मेलीं. तेथें अंगणांत जाऊन गाणीं म्हणण्यानें काय होणार होतें? आक्षेप खरा आहे. मजुरी, जमीन, रस्ता आणि धान्य यांची जागा कोणतीहि बालशिक्षिका भरून काढूं शकत नाहीं. वारल्यांना वेठींतून सोडविलें तें त्यांच्या लढ्यानें, बालवाडीनें नव्हे. पण भूक घरांत शिरली आहे हें सर्वांत आधीं कळतें तें त्या घरांत जाणाऱ्या माणसाला. कार्यालयाला तें मृत्यूच्या आंकड्यांतून कळतें, आणि तोंपर्यंत फार उशीर झालेला असतो. दुसरा आक्षेप सेविकांचा आहे, आणि तो अधिक न्याय्य आहे. त्यांना वेतन नव्हे, मानधन मिळतें. आहार, वह्या, नोंदी, सर्वेक्षणें हें सारें त्यांच्याच माथीं असतें, आणि त्यावर आम्हीं घरोघर जा असेंहि सांगावें काय? याचें उत्तर असें कीं, घरीं जाणें हें जादा काम म्हणून सांगितलें तर तें अन्यायाचेंच होईल. तें मुख्य काम मानावें, त्याला वेळ व मोबदला द्यावा, आणि वह्यांचें ओझें कमी करावें.

आणि आतां आपल्या स्वतःच्या दारांत येऊं. हें भाषण ऐकणाऱ्या पुष्कळ घरांत सकाळीं भांडीं घासण्यास बाई येतात. त्यांतील कित्येकींचीं मुलें दोन-तीन वर्षांचीं असतात. त्यांच्या वस्तींतील अंगणवाडी ज्या वेळीं भरते, त्या वेळीं त्या आपल्या स्वयंपाकघरांत असतात. सेविकेच्या वहींत त्यांच्या नांवापुढें “पालक आले नाहींत” असा शेरा पडत असेल, तर त्या शेऱ्यांत आपलाहि वांटा आहे. “यांना मुलांची काळजीच नसते,” असें आपण सहज बोलून जातों. तें बोलण्यापूर्वीं महिन्यांतून एका सकाळीं, मुलाचें वजन व्हावयाचें असेल त्या दिवशीं, पगार न कापतां त्यांना सुट्टी देणें आपल्या हातीं आहे. खोडदच्या मळ्यांतील मालकांनाहि खुरपणीस आलेल्या बाईच्या बाबतींत एवढें करणें अवघड नाहीं.